टनेज किती आणि उतारा किती? विषाणूशास्त्रज्ञाच्या कामाचे आकडे कसे वाचायचे

दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बेळगाव, निपाणी, चिक्कोडी भागात एक बातमी हमखास वाचायला मिळते. अमुक कॉलेजच्या प्राध्यापकांचा ‘जगातल्या अव्वल 2 टक्के शास्त्रज्ञांत’ समावेश. सोबत फोटो, शाल, पुष्पगुच्छ आणि दोन-तीन आकडे: पेपर इतके, सायटेशन इतकी, एच-इंडेक्स इतका. कोरोनानंतर अशा बातम्यांत विषाणूंवर काम करणाऱ्यांची नावंही दिसू लागली. आनंद सगळ्यांनाच होतो. पण ‘एच-इंडेक्स 21’ म्हणजे नक्की काय? हुशारी, मेहनत, की नुसती प्रसिद्धी?

हे समजून घ्यायला आपल्या भागात एक सोय आहे. इथल्या माणसाला टनेज आणि उतारा यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. काट्यावर ऊस किती टन भरला ही एक गोष्ट आणि त्यातून साखर किती टक्के उतरली ही दुसरी. संशोधनाचंही तसंच आहे.

पेपर म्हणजे काय, सायटेशन म्हणजे काय

संशोधकाने एखादी गोष्ट शोधली की ती कशी शोधली, किती नमुने घेतले, काय दिसलं हे सगळं लिहून तो एखाद्या जर्नलकडे, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकाकडे पाठवतो. जर्नल तो मजकूर त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांना तपासायला देतं. ते शंका काढतात, जादा प्रयोग करायला लावतात, कधी सरळ नाकारतात. त्यातून तरून जे छापलं जातं तो ‘पेपर’. पुढे दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात ‘हे आधी अमक्याने दाखवलं आहे’ असा उल्लेख केला की पहिल्याच्या खात्यावर एक ‘सायटेशन’ जमा होतं.

पेपरांची संख्या म्हणजे टनेज. सायटेशन हा उताऱ्याचा अंदाज आहे, पण अंदाजच. कारण उल्लेख कशासाठी झाला हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

एच-इंडेक्स: गोठ्यातला हिशोब

होर्हे हिर्श या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये हा आकडा सुचवला. समजा गोठ्यात नऊ म्हशी आहेत. जास्त दूध देणारी आधी, या क्रमाने त्या उभ्या केल्या. त्यांचं रोजचं दूध 14, 11, 9, 8, 6, 5, 4, 3 आणि 2 लिटर. आता पहिलीपासून मोजत जा. पाचवी म्हैस 6 लिटर देते, म्हणजे पाच म्हशी प्रत्येकी निदान 5 लिटर देतात. सहावी मात्र 5 लिटरच देते, तिथे सहाची अट पुरी होत नाही. या गोठ्याचा एच-इंडेक्स 5. म्हशींच्या जागी पेपर आणि लिटरच्या जागी सायटेशन धरा. एच-इंडेक्स 21 म्हणजे निदान 21 सायटेशन मिळालेले 21 पेपर.

या मोजमापाचा गुण असा की एखाददुसऱ्या गाजलेल्या पेपरावर सगळं तरून जात नाही. दोषही तिथेच आहे. पहिली म्हैस 14 ऐवजी 24 लिटर देऊ लागली तरी आकडा पाचच राहतो. आयुष्यात चारच पेपर लिहिले आणि चारही जग बदलणारे निघाले, तरी एच-इंडेक्स चारच्या वर जाणार नाही. शिवाय हा आकडा कधी कमी होत नाही. संशोधकाने काम थांबवलं तरी जुन्या पेपरांचे उल्लेख होत राहतात आणि आकडा चढत राहतो. म्हणून 30 वर्षं काम केलेल्याची तुलना नुकती पीएचडी झालेल्या मुलीशी करणं हा सरळ अन्याय आहे.

आणखी एक. पेपर आणि सायटेशनच्या नोंदी ठेवणारी ठिकाणं एकाहून जास्त आहेत, त्यामुळे एकाच माणसाचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर 28 आणि स्कोपसवर 19 असू शकतो. यात कुणी फसवत असतं असं नाही. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांतले निबंध, तपासणी न झालेला मजकूर असं सगळं धरतं. स्कोपस फक्त स्वतः निवडलेली जर्नल्स धरतं. आकडा सांगताना तो कुठला हे सांगितलं नसेल तर तो अर्धवट समजावा.

इम्पॅक्ट फॅक्टर: हा कारखान्याचा उतारा, तुमच्या उसाचा नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ‘त्यांचा पेपर 9 इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये आला’ असं अभिमानाने सांगितलं जातं. पण इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, पेपरचा नाही आणि माणसाचा तर मुळीच नाही. 2024 चा आकडा काढायचा तर त्या जर्नलने 2022 आणि 2023 मध्ये छापलेल्या पेपरांना 2024 या एका वर्षात मिळालेली सायटेशन मोजायची आणि त्या दोन वर्षांतल्या पेपरांच्या संख्येने भागायचं. 200 पेपर आणि 800 सायटेशन असतील तर इम्पॅक्ट फॅक्टर 4.

यात लपतं काय ते पाहा. त्या 800 पैकी 400 एकाच पेपरला मिळाली असतील तर उरलेल्या 199 जणांच्या वाट्याला सरासरी दोनच येतात. तरी प्रत्येक जण सांगणार, माझं जर्नल 4 चं. उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो, तुमच्या फडातल्या उसावर नाही. चांगल्या जातीचा, वेळेवर तोडलेला ऊस आणि पंधरा दिवस वाळलेला ऊस एकाच दराने जातो. तेच हे.

विषाणूशास्त्रात या सरासरीची अवस्था कोरोनाच्या काळात कशी झाली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलवरून दिसतं. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर 2020 मध्ये 79 च्या आसपास होता, 2021 मध्ये तो 202 वर गेला आणि 2023 पर्यंत पुन्हा शंभराच्या आत आला. तपासणारी माणसं तीच, पद्धत तीच. फक्त सगळं जग एकाच विषयावर लिहीत होतं आणि वुहानच्या पहिल्या 41 रुग्णांवरचा जानेवारी 2020 चा पेपर जो तो उल्लेखत होता. याउलट ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’ हे 1967 पासून चालत आलेलं, विषाणूशास्त्रज्ञ आदराने वाचतात असं जर्नल. त्याचा आकडा 4-5 च्या आसपास असतो. निवड समितीत नुसता आकडा पाहणारा माणूस बसला तर तो या जर्नलमधलं काम बाजूला सारेल. ते चुकीचंच आहे.

स्टॅनफर्डने निवडलं म्हणजे तरी काही असेलच ना?

असतं, पण वाटतं ते नाही. सुरुवातीला आलेली ‘अव्वल 2 टक्के’ यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाते, पण ती त्या विद्यापीठाचा पुरस्कार नाही. तिथले प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसमधल्या माहितीवरून ती दर वर्षी काढतात. कुणी अर्ज करत नाही, कुणी मुलाखत घेत नाही, पेपर वाचून गुण देत नाही. यादी संगणकी हिशोबातून निघते. त्यात सहा गोष्टी मिसळतात: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनुसार कमी केलेला एच-इंडेक्स, आणि एकट्याने लिहिलेल्या, पहिल्या नावाने असलेल्या व शेवटच्या नावाने असलेल्या पेपरांची सायटेशन. शास्त्रांचे 22 विभाग आणि 174 उपविभाग केले आहेत, विषाणूशास्त्र त्यातला एक उपविभाग.

बातमीत न येणारी मुख्य गोष्ट ही की याद्या दोन असतात. एक पूर्ण कारकिर्दीची, दुसरी एका वर्षाची. दोन्हींत फार अंतर आहे. एका वर्षाच्या यादीत एखाददुसऱ्या गाजलेल्या विषयाच्या जोरावर नाव येऊ शकतं. कारकिर्दीच्या यादीत यायला बहुधा वीस-पंचवीस वर्षं जातात. अभिनंदन जरूर करावं, पण यादी कुठली ते विचारून. स्वतःच स्वतःचा उल्लेख केलेला वगळून येणारा आकडाही त्या तक्त्यात असतो आणि अलीकडे मागे घेतलेल्या पेपरांची संख्याही दिलेली असते. हे दोन रकाने आधी पाहावेत.

इतक्या लोकांनी उल्लेख केला, म्हणजे बरोबरच असणार!

नाही. 2009 मध्ये ‘सायन्स’ या जर्नलमध्ये एक पेपर आला. वर्षानुवर्षं न जाणाऱ्या थकव्याच्या आजारात एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू रुग्णांच्या रक्तात सापडतो, असं त्यात म्हटलं होतं. केवढी आशा वाटली त्या रुग्णांना! मग एकापाठोपाठ एक प्रयोगशाळांनी शोधलं आणि त्यांना तो सापडेना. शेवटी कळलं की तो विषाणू रुग्णांत नव्हताच, प्रयोगशाळेतल्या नमुन्यांत झालेल्या मिसळीतून आला होता. 2011 च्या डिसेंबरात पेपर मागे घेतला गेला. पण ‘हे खोटं ठरलं’ असं सांगणाऱ्या प्रत्येक पेपरला त्याचा उल्लेख करावाच लागला आणि सायटेशन वाढतच गेली.

मिसळ ही विषाणूशास्त्रातली नेहमीची आपत्ती आहे. पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकाचा तुकडा कोटी पटींनी वाढवते, त्यामुळे आधीच्या नमुन्यातला एखादा कण हातमोज्यावर राहिला तरी पुढचा नमुना पॉझिटिव्ह दिसतो. म्हणून चांगल्या पेपरात कोरा नमुना, म्हणजे विषाणू नसलेलं पाणी, सोबत चालवल्याचं लिहिलेलं असतं. तो कोरा नमुना कुठे दिसत नसेल तर बाकीचा पेपर सावधपणे वाचावा.

दुसरं उदाहरण 2020 चं. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनमुळे कोरोनाचे रुग्ण दगावतात, असं 96 हजार रुग्णांच्या माहितीवरून सांगणारा पेपर 22 मे रोजी ‘लॅन्सेट’ने छापला. मूळ माहिती कुणालाच तपासता येईना, म्हणून 4 जूनला तो मागे घेतला गेला. तेरा दिवस. तेवढ्यात ठिकठिकाणी सुरू असलेल्या या औषधाच्या चाचण्या थांबवल्या गेल्या होत्या.

आणि ज्याचा उल्लेख होत नाही, ते कमी प्रतीचं?

पेटन रौस यांनी कोंबडीतली गाठ विषाणूमुळे होते हे 1911 मध्ये दाखवलं. कॅन्सरशी विषाणूचा संबंध असू शकतो हे लोकांना पटायला पुढे कित्येक दशकं गेली. नोबेल मिळालं 1966 मध्ये. काटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचा एमआरएनएवरचा, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणाऱ्या रेणूवरचा, महत्त्वाचा पेपर 2005 चा. तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. कोरोनाच्या लसी त्याच पायावर उभ्या राहिल्या आणि 2023 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पाच वर्षांच्या सायटेशनवर बढती ठरवणाऱ्या समितीला अशी माणसं दिसतच नाहीत.

आता आपल्या उंबऱ्याशी येऊ. माकडताप. कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’. 1957 च्या मार्चमध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, आसपासची माणसं तापाने आजारी पडली. आधी पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही), शोध घेतला तर गोचिडींतून पसरणारा नवाच विषाणू निघाला. पुढे तो घाटाच्या कडेने सरकत गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्गात पोचला. सत्तरीत काजूच्या बागांत राबणाऱ्या मजुरांना होणाऱ्या माकडतापावर 2017 मध्ये पेपर आला आहे. खानापूर तालुक्यातून काजूच्या हंगामाला गोव्यात जाणाऱ्या घरांसाठी तो थेट कामाचा पेपर आहे.

पण माकडतापावर काम करणाऱ्याला सायटेशन मिळणार कुठून? पश्चिम घाटाबाहेर हा रोग नाही. त्यावर लिहिणाऱ्या प्रयोगशाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जिवंत विषाणू हाताळायला कडेकोट प्रयोगशाळा लागते. सगळ्यात वरच्या सुरक्षा पातळीची देशातली पहिली प्रयोगशाळा पुण्यात पाषाणला 2012 च्या अखेरीस सुरू झाली. रोगाचा मोसम साधारण नोव्हेंबर ते मे. तो हुकला की गोचिडी गोळा करायला पुढच्या वर्षाची वाट पाहायची. एका पेपरला तीन-चार वर्षं सहज जातात. त्याच काळात संगणकावर बसून कोरोनाच्या प्रसिद्ध माहितीवर दहा पेपर लिहिता येतात आणि ते जगभर वाचले जातात. दोघांचे एच-इंडेक्स शेजारी ठेवून जंगलात हिंडणाऱ्याला कमी लेखणं म्हणजे कोरडवाहू ज्वारीची तुलना पाटाच्या पाण्यावरच्या उसाशी टनांत करणं.

याच रोगावरचा 2013 चा एक अभ्यास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. शिवमोग्गा भागातल्या 2005 ते 2010 च्या सरकारी नोंदी तपासून त्यात दाखवलं की माकडतापाच्या लसीचे दोन डोस सुमारे 62 टक्केच संरक्षण देतात, बूस्टर घेतला तर सुमारे 83 टक्के. त्यासाठी महागडं यंत्र लागलं नाही. लागल्या त्या नीट ठेवलेल्या नोंदी आणि प्रामाणिक हिशोब. पुढे जुनी लस पुरेशी ठरत नाही म्हणून 2022 मध्ये ती देणं थांबलं आणि नव्या लसीचं काम हाती घेतलं गेलं.

पेपरबाहेरचा प्रभाव

विषाणूशास्त्रात काही मोठी कामं पेपरच्या आधी किंवा पेपरशिवायच होतात. 11 जानेवारी 2020 रोजी चीनमधल्या संशोधकांनी नव्या कोरोना विषाणूचा जनुकीय आराखडा इंटरनेटवर खुला केला. पेपर नंतर, फेब्रुवारीत आला. दोन दिवसांत, 13 जानेवारीला, बर्लिनच्या प्रयोगशाळेने बनवलेली पीसीआर चाचणीची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केली. एनआयव्हीने रुग्णातून वेगळा करून वाढवलेला विषाणू कंपनीला दिला, त्यातून कोव्हॅक्सिन बनली. विषाणू वेगळा करणं, जपणं, दुसऱ्याला देणं याला एच-इंडेक्सच्या हिशोबात रकाना नाही.

बेळगावकरांना तर हे सांगायलाही नको. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो आज सभा आणि प्रदर्शनांचं मैदान म्हणून माहीत आहे. एकेकाळी तिथे देवीची लस तयार होई. वासरांच्या कातडीवर वाढवलेली ती लस गावोगाव गेली. 1980 मध्ये देवी जगातून गेल्याची घोषणा झाली. त्या कामगारांच्या आणि तंत्रज्ञांच्या नावावर सायटेशन शोधायला गेलात तर काहीच सापडणार नाही.

पेपरचाही प्रभाव प्रत्यक्ष कसा पोचतो याचं उदाहरण विषाणूशास्त्राबाहेरचं, पण घरचं आहे. बेळगाव जिल्ह्यात खेड्यांतल्या 1,620 बाळंतिणींवर झालेला अभ्यास 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. बाळंतपणानंतर नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. खरा उतारा हा.

मग आकडे टाकूनच द्यायचे?

नाही. आकडा दार दाखवतो, आत जाऊन पाहणं आपल्याकडे. एखाद्या विषाणूशास्त्रज्ञाचं काम जोखायचं असेल, म्हणजे मुलीला पीएचडीसाठी मार्गदर्शक निवडायचा असेल किंवा एखादा दावा पडताळायचा असेल, तर एक तास पुरतो.

आधी माणूस तोच आहे याची खात्री करा. आपल्या भागात पाटील, देसाई, नाईक, कुलकर्णी ढिगाने. गूगल स्कॉलर नावावरून पेपर आपोआप जोडतं आणि मालकाने लक्ष दिलं नाही तर दुसऱ्याच पाटलांचे यकृतावरचे पेपर विषाणूशास्त्रज्ञाच्या खात्यात बसतात. ऑर्किड नावाचा 16 अंकी क्रमांक याच घोळावरचा उपाय आहे, तो संशोधकाच्या पानावर असतो. शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 रोजी अधिकृतपणे बदललं, त्यामुळे जुने पेपर ‘बेलगाम’ या इंग्रजी स्पेलिंगखाली आणि नवे ‘बेळगावी’खाली सापडतात. शोधताना दोन्ही टाका. एनआयव्हीचंही तसंच, 1978 च्या आधीचं काम जुन्या नावाखाली आहे.

मग सगळ्यात जास्त सायटेशनचे पाच पेपर उघडा आणि नाव कितवं आहे ते पाहा. जीवशास्त्रात पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. दीडशे लेखकांत 74 वं नाव असेल तर ते नमुने पुरवल्याबद्दल असू शकतं. नमुने पुरवणं हलकं काम नाही, पण त्या पेपरची 3 हजार सायटेशन एकट्याची म्हणून सांगता येत नाहीत. पाचही पेपर मूळ संशोधनाचे आहेत की इतरांच्या कामाचा आढावा घेणारे, हेही बघा. आढाव्याच्या लेखांना सायटेशन भरपूर मिळतात, प्रयोग मात्र त्यात एकही नसतो.

त्यानंतर मागे घेतलेले पेपर. रिट्रॅक्शन वॉचची यादी 2023 पासून सर्वांना मोफत खुली आहे, नाव टाकलं की कळतं. त्या एका वर्षात जगभर 10 हजारांवर पेपर मागे घेतले गेले आणि 2025 पासून आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांच्या एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीतही त्यासाठी गुण कापण्याची सोय झाली. पण कारण वाचल्याशिवाय मत बनवू नका. स्वतःची चूक दिसल्यावर स्वतःच पेपर मागे घेणारा संशोधक जास्त विश्वासाचा. दुसऱ्या पेपरातली चित्रं उलटीसुलटी करून वापरलेली निघाली तर गोष्ट वेगळी.

जर्नल खरं की पैसे घेऊन काहीही छापणारं, हे ओळखायला पूर्वी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नलांची केअर यादी होती, ती फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. आता जबाबदारी कॉलेजांवर आहे. खुणा साध्या आहेत. पेपर पाठवल्यापासून चार-पाच दिवसांत स्वीकारला, एकाच अंकात विषाणू, सिमेंट आणि बँकिंग, संपादकांचे पत्ते नाहीत, तर दूर राहा. पेपरच्या पहिल्या पानावर ‘मिळाला’ आणि ‘स्वीकारला’ अशा दोन तारखा असतात. विषाणूशास्त्रात त्यांत काही आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत अंतर असणं स्वाभाविक आहे. प्रीप्रिंट, म्हणजे जाणकारांनी तपासण्याआधीच खुला केलेला मसुदा, बेकायदा नाही. साथीच्या काळात त्याचा मोठा उपयोग झाला. तो प्रीप्रिंट आहे हे मात्र बातमीत सांगितलं पाहिजे.

शेवटी मुख्य प्रश्न: दुसऱ्या प्रयोगशाळेने हे करून पाहिलं का आणि त्यांना तेच दिसलं का? त्यासाठी पेपरखालच्या ‘उल्लेख करणारे’ या दुव्यावर टिचकी मारून चार-दोन पेपरांत त्याबद्दलचं वाक्य वाचा. ‘अमक्यांनी दाखवल्याप्रमाणे आम्हालाही आढळलं’ हे एक वाक्य शंभर कोऱ्या उल्लेखांपेक्षा मोलाचं. विषाणूचा जनुकीय आराखडा जेनबँक या खुल्या संग्रहात जमा केला असेल तर त्याचा क्रमांक पेपरात असतो. तो टाकून माहिती खरंच उघडते का तेही पाहा.

पूर्ण पेपर वाचायला पैसे मागितले तर आधी पबमेड सेंट्रल या पेपरांच्या मोफत संग्रहात प्रत आहे का बघा. सरकारी विद्यापीठात किंवा कॉलेजात कुणी शिकत असेल तर ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेखाली 2025 पासून हजारो जर्नल्स तिथून उघडतात. तरीही नाहीच मिळाला तर पेपरवर पत्रव्यवहारासाठी दिलेल्या लेखकाच्या ईमेलवर दोन ओळी लिहा. पेपर कुठला हवा आणि कशासाठी, एवढं पुरतं. बहुतेक संशोधक आनंदाने पाठवतात.